कोरडवाहू शिवाराचे सुवर्णपुष्प : तरवड

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेस उतरू लागताच पावसाचे मान झपाट्याने घटते. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, जामखेड, आष्टी हा सारा पर्जन्यछायेतील मुलूख होय. १९७२ च्या दुष्काळाने या मुलखाच्या स्मृतीवर कायमची रेघ ओढली. त्या दुष्काळानंतर पाझर तलाव, नालाबांध, समपातळीतील बांध यांचे जाळे राज्यभर विणले गेले आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा विचार गावोगाव रुजला. परंतु त्या बांधावर काय उगवावे, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी अनुत्तरित राहिला.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर निसर्गच देत असे. बांधावर बोर, हेकळ, रुई, निवडुंग, कोरांटी आणि तरवड आपोआप वाढत. कोणी त्यांची लागवड केली नव्हती आणि कोणी त्यांची निगाही राखत नव्हते. गेल्या काही दशकांत जमिनीची वाटणी होत गेली, बांध अरुंद झाले. यंत्राने ते एका दिवसात साफ होऊ लागले आणि उरलेसुरले झुडूप तणनाशकाने किंवा वणव्याने जाऊ लागले. बांध स्वच्छ दिसू लागला; पण त्याबरोबरच वर्षाचे अनेक महिने कीटकांना अन्न पुरविणारी फुलेही शिवारातून नाहीशी झाली. वेलवर्गीय भाज्यांना फुले लागतात परंतु फळे धरत नाहीत, कारळ्याच्या बोंडात दाणा भरत नाही, अशा तक्रारींचा विचार करताना खत, पाणी आणि कीड यांच्या जोडीने या कारणाचाही विचार होणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने तरवड या अत्यंत परिचित, तरीही उपेक्षित झुडपाची ओळख नव्याने करून घेणे उपयुक्त ठरेल.

नाव आणि ओळख

तरवड हे शिंबावंत कुलातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलातील बहुवर्षायू झुडूप आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ मध्ये त्याचे वर्णन 'कॅसिया ऑरिक्युलाटा' या नावाने केले. आज शास्त्रीय ग्रंथांत ते 'सेन्ना ऑरिक्युलाटा' या नावाने आढळते. 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कान असलेली. पानाच्या देठाच्या बुडाशी जी दोन उपपर्णे असतात, ती या झुडपात मोठी, रुंद आणि कानाच्या पाळीसारखी असतात. त्यावरून हे नाव पडले. झुडूप ओळखण्याची हीच सर्वांत खात्रीची खूण होय.

संस्कृतात यास आवर्तकी म्हणतात. तमिळमध्ये ते आवारम, तर तेलुगूमध्ये तंगेडू आहे. भारत व श्रीलंकेतील कोरड्या प्रदेशांत ते मूळचेच आहे. तेलंगण राज्याने २०१४ मध्ये तंगेडूला राज्यपुष्पाचा मान दिला. तेथील बतुकम्मा उत्सवात फुलांची जी उतरंड रचली जाते, तीत या फुलांना मानाचे स्थान असते. आपल्याकडे मराठवाड्यात व लगतच्या भागांत नवरात्रातील घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढविण्याची प्रथा अनेक घरांत आहे. तरवडी, तरवडे अशी गावांची नावेही या झुडपाची आठवण करून देतात.

तरवडाचे झुडूप सामान्यतः दीड ते दोन मीटर उंच वाढते. अनुकूल जागी त्याहून काहीसे उंचही होते. बुंध्यापासूनच फांद्या फुटत असल्याने त्यास गोलसर घेर येतो. पाने संयुक्त असून प्रत्येक पानात पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या असतात. फुले फांद्यांच्या टोकांशी गुच्छाने येतात. त्यांचा रंग झगझगीत पिवळा आणि व्यास चार ते पाच सेंटिमीटर असतो. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, सात ते अकरा सेंटिमीटर लांब असून वाळल्यावर तपकिरी होते. पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्यापर्यंत भरघोस बहर असतो. जमिनीत ओल असल्यास अन्य काळातही थोडीफार फुले येत राहतात.

तरवडाशी साम्य असणाऱ्या अन्य वनस्पतींविषयी सावध राहणे आवश्यक आहे. टाकळा हे पावसाळ्यात उगवून संपणारे रोप असून त्याची शेंग बारीक व लांब असते. सेन्ना युनिफ्लोरा हे परदेशातून आलेले पिवळ्या फुलांचे तण दख्खनच्या पठारावर रस्त्याकडेने पसरले आहे. सेन्ना स्पेक्टॅबिलिस या परदेशी वृक्षाने तर केरळातील वायनाडच्या जंगलात मोठा उपद्रव केला आहे. बी गोळा करताना वा रोपवाटिकेतून रोपे घेताना कानासारखी उपपर्णे आणि चपटी, पातळ शेंग या दोन खुणा पाहूनच निवड करावी.

दुष्काळाशी सामना

तरवडाचे सोटमूळ खोल जाते. मुरमाड, खडकाळ, उथळ मातीत खडकाच्या भेगांतून ते ओलीचा शोध घेते. त्यामुळे भर उन्हाळ्यात आजूबाजूचे गवत वाळून कोळ झालेले असताना तरवडाची पाने बरीचशी हिरवी राहतात. गुरे व शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. चराईचा ताण असलेल्या गावात कुंपणाशिवाय जी थोडी झुडपे तग धरतात, त्यांत याची गणना होते. तोडले तरी बुंध्यापासून ते पुन्हा फुटते.

पूर्वी या झुडपाचे आर्थिक महत्त्वही मोठे होते. त्याच्या सालीत टॅनिन हे द्रव्य विपुल असल्याने कातडी कमावण्यासाठी तिचा वापर होत असे. दक्षिण भारतातील चर्मोद्योग एके काळी मोठ्या प्रमाणात या सालीवर चालत होता. पुढे आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटल वृक्षाच्या सालीने तिची जागा घेतली. आयुर्वेदातही आवर्तकीचे उपयोग सांगितले आहेत. मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणीही त्याचा औषध म्हणून प्रयोग करू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. तरवड शेंगवर्गीय आहे, म्हणून तो हवेतील नत्र जमिनीत साठवितो, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः सेन्ना गटातील वनस्पतींच्या मुळांवर नत्राच्या गाठी सामान्यतः होत नाहीत. तरवडाचा पाला हिरवळीच्या खतासाठी वापरता येतो, त्याच्या मुळांनी बांधाची माती धरून ठेवली जाते, हे लाभ खरे आहेत. परंतु नत्र स्थिरीकरणासाठी म्हणून त्याची शिफारस करणे योग्य नव्हे.

फुलाची रचना आणि गुंजनाचे रहस्य

तरवडाचे फूल बारकाईने पाहिल्यास निसर्गाच्या योजकतेचा एक उत्तम पाठ त्यात दिसतो. फुलात दहा पुंकेसर असतात, पण ते सारखे नसतात. वरचे तीन खुरटलेले व वांझ असतात. मधले आखूड, तर खालचे लांब व वाकलेले असतात. बहुतेक फुलांचे परागकोश पिकल्यावर उभे चिरतात आणि पराग उघडे पडतात. तरवडाचे परागकोश मात्र तसे उलगडत नाहीत. त्यांच्या टोकाशी केवळ सूक्ष्म छिद्रे असतात आणि पराग आत बंदिस्त राहतो. मिठाच्या डबीप्रमाणे तो हलविल्याशिवाय बाहेर पडत नाही.

हे हलविण्याचे काम विशिष्ट माश्याच करू शकतात. मोठा काळा भुंगा, ज्यास शास्त्रीय लेखनात सुतारमाशी म्हणतात, फुलावर उतरतो, पुंकेसरांना पायांनी कवटाळतो आणि पंख न फडफडविता केवळ छातीतील उड्डाण-स्नायू थरथरवितो. हे कंपन सेकंदाला काही शे वेळा होते. त्या वेळी ऐकू येणारा गुंजारव उडण्याच्या आवाजाहून वेगळा, अधिक तीक्ष्ण असतो. कंपनाने पराग छिद्रांतून फवाऱ्यासारखा बाहेर उडतो. मधल्या पुंकेसरांचा पराग माशी आपल्या पिलांच्या अन्नासाठी गोळा करते. त्याच वेळी खालच्या लांब पुंकेसरांचा पराग तिच्या अंगावर अशा जागी बसतो, की पुढील फुलाच्या वाकलेल्या स्त्रीकेसराशी त्याचा सहज संपर्क यावा. या क्रियेस गुंजन-परागीभवन म्हणता येईल. पोटावर निळसर पट्टे असलेली, जमिनीत वा मातीच्या भिंतीत घर करणारी एक चपळ माशीही हे काम करते. आग्या, सातेरी व फुलोरी या आपल्या परिचित मधमाश्यांना मात्र ही कंपनविद्या अवगत नाही. त्या तरवडाच्या फुलावर येतात, पण सांडलेला पराग वेचून नेतात.

तरवडाच्या फुलात मकरंद नसतो. त्याचे सारे देणे परागाचे आहे. पराग हे माश्यांच्या अळ्यांचे प्रथिनयुक्त अन्न असल्याने त्याचे मोल कमी नाही. पण प्रौढ माश्यांना उडण्यासाठी लागणारी शर्करा त्यातून मिळत नाही. लागवडीची आखणी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

फुलांखेरीज पानांचाही कीटकांना उपयोग होतो. कॅटॉप्सिलिया गटातील फिकट पांढरी-पिवळी फुलपाखरे आणि बांधावर नित्य दिसणारी लहान पिवळी फुलपाखरे या जातीच्या झुडपांवर अंडी घालतात. त्यांच्या अळ्या पाला खाऊन वाढतात. पाने काही काळ कुरतडलेली दिसतात, परंतु झुडपास त्यापासून सहसा कायमची इजा होत नाही. अशा वेळी कीटकनाशक फवारणे म्हणजे ज्यांच्यासाठी झुडूप लावले, त्यांनाच मारणे होय.

शेतीशी नाते

तरवडाच्या फुलाचा हा पाठ केवळ निसर्गप्रेमींच्या कुतूहलाचा विषय नाही. वांगी आणि टोमॅटो यांच्या फुलांतील परागकोशही टोकाशी छिद्राने उघडणारेच आहेत. वाऱ्याच्या हेलकाव्याने त्यांतील काही पराग सुटतो व फळ धरते. परंतु कंपन करणाऱ्या माश्यांच्या भेटीने, विशेषतः वांग्यात, फळधारणा वाढते. ज्या माश्या तरवडावर गुंजारव करतात, त्याच गटातील माश्या वांग्याच्या फुलावरही येतात. वांग्याचे पीक शेतात काही महिनेच उभे असते. माश्यांना मात्र त्यापूर्वी व त्यानंतरही अन्न लागते. पिकाच्या मागील-पुढील काळात बांधावरील फुलांनी त्यांचा निर्वाह चालविला, तर ऐन गरजेच्या वेळी त्या शिवारात हजर असतात. बांध उजाड असेल, तर त्या अन्यत्र निघून जातात किंवा त्यांची संख्याच घटते.

अन्य पिकांचीही स्थिती विचारात घेण्याजोगी आहे. कारळ्याच्या रोपास स्वतःच्या परागाने दाणा धरत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग कीटकांनी आणावा लागतो. भोपळा, दुधी, कारले, काकडी यांत नर व मादी फुले वेगवेगळी असल्याने माश्यांवाचून फळ नाही. सूर्यफुलाच्या कणसात दाणे भरण्यास आणि कांद्याच्या बीजोत्पादनासही मधमाश्यांची मदत मोलाची असते. पुण्यात १९६२ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने मधमाशीपालनाचे शिक्षण व प्रसार केला आहे, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. पेटीत पाळता येणाऱ्या माश्यांची काळजी अशा रीतीने घेतली जाऊ शकते. पण सुतारमाशी व निळ्या पट्ट्यांची माशी पेटीत राहत नाहीत. त्यांच्यासाठी पेटी नव्हे, बांध राखावा लागतो.

सोबतीच्या वनस्पती

तरवडात मकरंद नाही, ही उणीव सोबतीच्या देशी वनस्पतींनी भरून काढता येते. रुई ही त्यांत पहिली होय. रुईच्या फुलातील मकरंदासाठी सुतारमाश्या आवर्जून येतात आणि तिचे परागीभवनही प्रामुख्याने त्यांच्याकडूनच होते. म्हणजे एकाच भुंग्यास तरवडापासून पराग व रुईपासून मकरंद मिळतो. नारिंगी-काळ्या रंगाच्या फुलपाखरांच्या अळ्याही रुईच्या पानांवर पोसल्या जातात. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने ती शाळेच्या खेळाच्या मैदानालगत मात्र लावू नये.

पिवळ्या फुलांची काटेकोरांटी हिवाळ्यात फुलते. तिच्या नळीसारख्या फुलांत मकरंद असतो आणि काट्यांमुळे ती कुंपणासही उपयोगी पडते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांढऱ्या फुलांचा तुंबा, म्हणजे द्रोणपुष्पी, लहान माश्या व फुलपाखरे यांना भरपूर मकरंद पुरविते. जमिनीलगत पसरणारी, निळ्या फुलांची शंखपुष्पी अथवा विष्णुक्रांता आणि जांभळट फुलांची शरपुंखा, जीस ग्रामीण भागात उन्हाळी म्हणतात, याही मुरमाड जागेत उत्तम येतात. शरपुंखेच्या मुळांवर मात्र नत्राच्या गाठी होतात. त्यामुळे जमिनीचा कस सुधारण्याचे जे काम तरवडाकडून होत नाही, ते तिच्याकडून होते.

बी गोळा करणे व प्रक्रिया

तरवडाची लागवड बियांपासून करावी; फाटे कलमाची खटपट फारशी यशस्वी होत नाही. शेंगा तपकिरी होऊन वाळू लागल्या, की हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या प्रारंभी त्या गोळा कराव्यात. एकाच झुडपाच्या सर्व शेंगा काढू नयेत. निरनिराळ्या दहा-वीस झुडपांच्या थोड्या थोड्या शेंगा घ्याव्यात. त्यायोगे बियाण्यात विविधता राहते आणि मूळ जागी नैसर्गिक रुजवणीसही बी उरते. बी आपल्याच परिसरातील असावे, कारण ते तेथील मातीस व पावसास सरावलेले असते.

शेंगा दोन-तीन दिवस उन्हात वाळवून हाताने चुराव्यात व बी पाखडून घ्यावे. सोंडकिड्यासारख्या कीटकांनी छिद्रे पाडलेले बी वेचून काढून टाकावे. पाण्यात तरंगणारे बीही पोकळ समजून वगळावे. उरलेले बी कोरड्या डब्यात ठेवावे.

या बियांचे कवच कठीण असते. तसेच पेरल्यास त्यांतील बरेच बी पहिल्या पावसात उगवत नाही आणि लागवड फसली, असा समज होतो. यावर सोपा उपाय आहे. पाणी उकळून भांडे चुलीवरून खाली उतरवावे, त्यात बी टाकावे आणि पाणी थंड होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसेच ठेवावे. बी चुलीवर उकळू मात्र नये. सकाळी फुगलेले बी निवडून त्याच दिवशी पेरावे. जे फुगले नसेल, त्यास हीच प्रक्रिया पुन्हा करावी. बी थोडेच असेल, तर ते पॉलिश कागदावर हलकेच घासूनही चालते.

पेरणी आणि निगा

सोटमूळ लवकर खोल जात असल्याने जागेवरच बी टोकणे सर्वांत चांगले. मृगाचा पाऊस जमिनीत वीतभर मुरल्यावर बांधाच्या उताराकडील बाजूस एक-एक मीटर अंतरावर लहान आळी करावीत आणि प्रत्येक आळ्यात तीन बिया एक ते दीड सेंटिमीटर खोल टोकाव्यात. शंभर मीटर लांबीच्या बांधास सुमारे शंभर आळी व तीनशे बिया लागतात. एका शेंगेत दहा ते वीस बिया असतात. म्हणजे वीस ते तीस चांगल्या शेंगांत एवढे काम होते. या लागवडीस पैसा लागत नाही, वेळेवर थोडे श्रम लागतात.

रोपे तयार करावयाची असल्यास मे महिन्यात खोल पिशव्यांत बी लावावे आणि रोप वीतभर होताच, मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळे घेण्यापूर्वीच, पावसाळ्यात त्याची लागवड करावी. मातीत निम्मा मुरूम वा जाडी वाळू मिसळावी. शेणखत अल्प प्रमाणात पुरे. साचलेल्या पाण्यात तरवडाची मुळे कुजतात, म्हणून पाणथळ व चिबड जमीन टाळावी. सावलीतही तो फुलत नाही. त्यास दिवसभराचे ऊन हवे.

पहिल्या पावसाळ्यात रोपाभोवतीचे गवत एक-दोन वेळा काढावे. पाऊस लांबल्यास पंधरा दिवसांनी एखादे पाणी द्यावे. पहिला उन्हाळा पार पडल्यावर पाण्याची गरज राहत नाही. साधारणतः एक ते दोन वर्षांत झुडूप फुलू लागते. दरवर्षी शेंगा उतरल्यावर, पावसाळ्यापूर्वी, फांद्यांची एकतृतीयांश छाटणी केल्यास झुडूप दाट होते व बांधाबाहेर पसरत नाही. सर्व झुडपे एकाच वर्षी न छाटता आळीपाळीने छाटावीत, म्हणजे फुलांत खंड पडत नाही.

शाळा व कार्यालयांच्या आवारातील शिलोद्यान

अनेक शाळा, आरोग्य केंद्रे व ग्रामपंचायत कार्यालये खडकाळ माळावर उभी आहेत. तेथे हिरवळ व नाजूक परदेशी फुलझाडे लावण्याचा प्रयत्न होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याअभावी तो सोडून द्यावा लागतो. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे बागेसाठी पाणी मागणे उचितही नव्हे. अशा जागी शिलोद्यान, म्हणजे दगड-मुरमाची बाग, हा व्यवहार्य पर्याय आहे.

त्यासाठी पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद एवढी उन्हाची जागाही पुरेशी होते. तळाशी फुटके दगड, त्यावर मुरूम व माती यांचे मिश्रण घालून मध्यभागी वा मागील बाजूस सुमारे अर्धा मीटर उंचवटा करावा. मोठे दगड एकतृतीयांश मातीत गाडावेत, म्हणजे ते हलत नाहीत आणि त्यांच्या बुडाशी ओल टिकते. मागील बाजूस तरवडाची दोन-तीन झुडपे, मध्ये काटेकोरांटी व शरपुंखा, पुढे दगडांच्या फटींत शंखपुष्पी आणि मोकळ्या पट्टीत तुंबा अशी रचना करावी. माकडशिंग ही मांसल खोडाची देशी वनस्पती परिसरात विपुल असेल, तर तिचे एखादे खोडही दगडाच्या कडेस लावता येते. कास पठारासारख्या सड्यांवरील दुर्मीळ वनस्पती मात्र कोणत्याही कारणाने उपटून आणू नयेत.

फुलांइतकीच निवाऱ्याचीही आवश्यकता असते. सुतारमाशी वाळलेल्या लाकडात वा बांबूत घर कोरते. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचा दृष्टांत मराठी वाचकांस अपरिचित नाही. शिलोद्यानाच्या कडेला एखादा वाळका ओंडका व वाळलेल्या बांबूचे तुकडे ठेवल्यास ती छपराच्या वाशांऐवजी तेथे वस्ती करण्याचा संभव वाढतो. जमिनीत राहणाऱ्या माश्यांसाठी हातभर जागा न खणता, न सारवता उघडी ठेवावी. भुंगा आकाराने मोठा असला, तरी डिवचल्याशिवाय सहसा दंश करीत नाही, हे मुलांना समजावून सांगावे.

अशी बाग हा विज्ञानाचा जिवंत पाठही होऊ शकतो. बहराच्या काळात आठवड्यातून एकदा, सकाळच्या वेळी, विद्यार्थ्यांच्या दोन-तीन गटांनी एकेका झुडपासमोर दहा मिनिटे शांत बसून कोणता कीटक किती वेळा आला, याची नोंद करावी. मोठा काळा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, मधमाशी, फुलपाखरू व इतर असे पाच रकाने पुरेत. भुंगा उडताना आणि फुलावर असताना होणाऱ्या आवाजातील फरक मुलांना स्वतः ऐकू द्यावा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी साठल्यावर गावातील परागवाहकांची स्थिती कशी बदलते आहे, याचा काही अंदाज त्या शाळेच्या वहीतून मिळू शकेल.

कोठे लावू नये

कोणत्याही चांगल्या झुडपाची सरसकट लागवड हितावह नसते. माळरान म्हणजे ओसाड जमीन, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. पवना, मारवेल यांसारख्या गवतांचे चांगले माळ ही गुरांची वैरण व माळरानातील पक्षी-प्राण्यांचा अधिवास आहे. तरवडास गुरे खात नसल्याने अतिचराई झालेल्या गायरानात तो आपोआप वाढतो आणि गवताची जागा व्यापू शकतो. मेंढपाळ व पशुपालक यांचा निर्वाह ज्या गवतावर चालतो, तेथे तरवड लावणे अन्यायाचे होईल. त्याची जागा बांध, रस्त्याची कडा, पाझर तलावाचा बाहेरील उतार, खाणीच्या मुरमाचे ढीग, शाळा-कार्यालयांची आवारे आणि स्मशानभूमीची कुंपणे ही होय. कोकणातील अतिवृष्टीच्या प्रदेशातही त्याचा आग्रह धरू नये. तेथे त्या मातीतील अन्य वनस्पती आहेत.

ग्रामपंचायतींची भूमिका

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्याची तरतूद आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही हे त्यांचे महत्त्वाचे काम आहे. या नोंदवहीत मोठ्या वृक्षांची व औषधी वनस्पतींची नावे येतात. बांधावरील झुडपे, त्यांचा फुलण्याचा काळ आणि त्यांवर येणारे कीटक यांची नोंद मात्र क्वचित होते. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी मिळून ही उणीव भरून काढावी. या कामी शेतमजूर स्त्रिया, गुराखी व वृद्ध शेतकरी यांच्याकडील माहिती सर्वांत उपयोगी पडेल.

पंचायतींना काही गोष्टी विनाखर्च ठरविता येतील. रस्त्याच्या कडा व बांध साफ करावयाचे असल्यास ते काम बहर व शेंगा संपल्यावर, आणि तेही एका वर्षी एकाच बाजूचे करावे. वाळलेले गवत पेटवून देण्याऐवजी कापून न्यावे. पिकावर फवारणी अपरिहार्य असेल, तेव्हा ती माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी आणि तिचा तुषार बांधावरील फुलांवर जाऊ नये, अशी सूचना ग्रामसभेतून द्यावी. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात सावली देणाऱ्या वृक्षांबरोबर फुलणाऱ्या देशी झुडपांनाही काही वाटा ठेवावा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ मध्ये २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून जाहीर केला आहे. तो दिवस आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर येतो. गोळा केलेले तरवडाचे बी शेतकऱ्यांना वाटण्यास याहून सोयीचा दिवस नाही.

जमीन, पाणी आणि बी यांबरोबर परागवाहक कीटक हेही शेतीचे भांडवलच आहे. फरक एवढाच, की त्याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर होत नाही. धरण बांधण्यास वर्षे लागतात व कोट्यवधींचा खर्च येतो. बांधावर तरवडाची ओळ उभी करण्यास मूठभर बी, एक पावसाळा आणि पुढे ती न तोडण्याचा निश्चय एवढेच पुरे आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी निसर्ग देतो. तिसरी मात्र गावानेच द्यावयाची आहे.